तांब्यातले पाणी

मराठी भाषेत 'आमचे' या शब्दाइतका सोयीचा शब्द दुसरा नसेल. आमच्या घरात मुलगा पास झाला की तो 'आमचा' असतो आणि दोन विषयांत गचकला की हिच्या व्याकरणात तो एकदम 'तुमचा' होतो. जावई बढती मिळाली की आमचा, बदली झाली की तिच्या सासरचा. मालेगावात हे व्याकरण गिरणा धरणालाही लागू आहे. पाणी काठोकाठ आले की ते 'आमचे धरण' असते आणि तळाला गेले की 'सरकारचे धरण' होते.

मालेगावात नव्याने बदलून आलेला माणूस जुलै-ऑगस्टात हमखास बुचकळ्यात पडतो. केशकर्तनालयात गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा ठेवून न्हावी विचारतो, "किती टक्के झाले?" रिक्षावाला मागे वळून विचारतो, यंत्रमागवाला धाग्याची गाठ मारता मारता विचारतो. नव्या माणसाला वाटते, गावात शिक्षणाची केवढी ही आस्था! तो आपल्या मुलीचे टक्के सांगू लागतो. पण इथे चौकशी असते ती धरणाची. दारावर येणारी भाजीवाली तर टोपली उतरवायच्या आधीच अहिराणीत विचारते, "धरन भरनं का?" सदतीस टक्के म्हटले तर समोरचा माणूस अंगावर सुतक आल्यासारखा चेहरा करतो. साठ म्हटले तर चहा मागवतो. 2007 नंतर बारा वर्षे वाट बघायला लावून 2019 साली धरण जेव्हा शंभर टक्के भरले, तेव्हा लोकांच्या तोंडावर असा काही आनंद होता, की आपापल्या घरातला मुलगा बोर्डात आलाय.

ज्यांना मालेगाव म्हटले की यंत्रमागाची खडखड आणि 2000 साली निघालेला 'मालेगाव के शोले' एवढेच आठवते, त्यांच्यासाठी थोडा भूगोल सांगतो. गिरणा नदी सह्याद्रीत केमच्या डोंगराजवळ उगवते. कळवण, देवळा असे करत, वाटेत आरम नदीला पोटात घेत ती मालेगावाकडे येते. इथे तिला मोसम भेटते. मग नांदगाव तालुक्यात पांझणजवळ ती अडते, कारण तिथे माणसाने तिच्यापुढे भिंत घातली आहे. 1969 साली ही भिंत पुरी झाली. लांबी साडेनऊशे मीटरच्या वर, उंची सुमारे 55 मीटर. भिंतीच्या मागे मैलोन्‌मैल पाणी, कडेला उघडे डोंगर, हिवाळ्यात पाणपक्षी आणि रविवारी डबे घेऊन आलेली आमच्यासारखी मंडळी. भिंतीच्या पुढे नदी चाळीसगाव, भडगाव, पाचोरा असा जळगाव जिल्हा पालथा घालून शेवटी तापीला मिळते.

धरणात एकूण पाणी मावते साडेएकवीस टीएमसी. आता टीएमसी म्हणजे काय, हे विचारायचे नसते. वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाने मान डोलवायची असते. पण मला हिशेबाची खोड आहे. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. लिटरमध्ये काढले तर या धरणात 60,900 कोटी लिटर पाणी राहते. आपला घरचा तांब्या लिटरभराचा धरा. म्हणजे 60,900 कोटी तांबे! 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आत-बाहेर होती. तेव्हा माणशी पाच हजार चारशे तांबे झाले. यातले सुमारे तीन टीएमसी 'मृत साठा' म्हणून तळाशी राहते. ते कालव्याला चढत नाही. त्याला मृत का म्हणतात ते माशांना विचारले पाहिजे. पण तो वजा केला तरी उरलेले पाणी भांडायला पुरेसे आहे.

आणि भांडण आमच्या घरातच आहे. हिचे माहेर भडगावकडचे, म्हणजे धरणाच्या खालचे. माझे मेहुणे तिथे कपाशी आणि केळी लावतात. त्यांच्या शेताला या धरणाचे पाणी कालव्याने जाते. कालव्याला पाणी सोडण्याला पाटबंधारे खात्याच्या भाषेत 'आवर्तन' म्हणतात. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मेहुण्यांचा निरोप आला, "आवर्तन सुरू झालंय, येता येणार नाही." माझी आई कौतुकाने म्हणाली, "या वयात अथर्वशीर्ष करतात, चांगलं आहे हो!" तिचा तो गैरसमज कोणी दूर केला नाही. मेहुण्यांचा मान त्यामुळे आमच्या घरी कायमचा वाढला.

दर दिवाळीला ते येतात आणि चकलीबरोबर धरण निघते.

"धरण आमच्यासाठी बांधलंय, दाजी," ते म्हणतात. "कालवे बघा ना कुठे जातात. तुमच्या जिल्ह्यात ते नुसतं ठेवलंय."

"म्हणजे आम्ही काय क्लोकरूम?" मी विचारतो. "जमीन आमच्या जिल्ह्यातली बुडली, आणि पावती तुमच्याकडे?"

इथे आमचे शेजारी तोंड घालतात. ते मूळचे कळवणकडचे, कांद्याचे व्यापारी. त्यांच्या मते दोघेही मूर्ख. "पाऊस पडतो कुठे? आमच्या डोंगरात. अहो, इंग्रजानं 1911 सालीच आमच्याकडे चणकापूरला धरण बांधलं. तुमचं धरण म्हणजे आमची उष्टावळ!"

असे हे तीन पक्ष आहेत. जिथे पडते त्याचे, जिथे अडते त्याचे आणि जिथे जाते त्याचे. चकल्या संपतात, पण पक्ष संपत नाहीत. एकदा तर मेहुण्यांनी जेवताना रागाने पाण्याचा तांब्या आपल्याकडे ओढला आणि शेजाऱ्यांनी तो परत ओढला. त्या ओढाताणीत पाणी जमिनीवर सांडले ते मात्र कोणी 'आमचे' म्हटले नाही. ते हिला पुसावे लागले.

तेव्हा मी ठरवले, की हा प्रश्न थोरामोठ्यांना विचारावा. नोकरदार माणूस अडला की नियमांच्या पुस्तकाकडे जातो, तसा मी तत्त्वज्ञांकडे गेलो.

पहिला भेटला रोमन बादशहा जस्टिनियन. सहाव्या शतकात त्याने कायद्याची पुस्तके करवून घेतली, त्यांत स्पष्ट आहे: हवा, वाहते पाणी आणि समुद्र या गोष्टी निसर्गतःच सगळ्यांच्या. मला फार आनंद झाला. पण मेहुणे लक्ष देऊन ऐकणारे. "वाहतं म्हणतोय ना तो? धरणातलं कुठे वाहतं?" खरेच की. नदी वाहत असते तोवर तिला मालक नसतो. ती उभी राहिली, की तिला मालक फुटतात. माणूसही पायावर स्थिर उभा राहिला, की त्याला नातेवाईक फुटतात, त्यातलाच हा प्रकार.

दुसरा भेटला इंग्लंडचा जॉन लॉक, सतराव्या शतकातला. त्याचे म्हणणे असे, की झऱ्यातले पाणी सगळ्यांचे खरे, पण ज्याने ते आपल्या भांड्यात भरून घेतले त्याचेच ते झाले. त्यात त्याचे श्रम पडले ना! हे मात्र मालेगावात कोणालाही पटावे. नळ यायच्या दिवशी पहाटे उठून ज्याने पिंप भरले, त्याच्या पिंपाला हात लावून बघा म्हणजे लॉकचा सिद्धांत पाठीवर उमटेल. तेव्हा गिरणा धरण म्हणजे साडेएकवीस टीएमसीचा तांब्या समजू. तो भरला कोणी? ज्यांनी आराखडे काढले ते इंजिनिअर बदलून गेले आणि पुढे निवृत्त झाले. पैसा दिला तो साऱ्या राज्यातल्या करदात्यांनी. त्यांतल्या कित्येकांनी गिरणेचे तोंडही पाहिलेले नाही. आणि श्रमच म्हणाल, तर ते उन्हात माती-दगड वाहणाऱ्या बाया-माणसांचे. धरण पुरे झाल्यावर ती पाले उठवून पुढच्या कामावर निघून गेली. लॉकच्या न्यायाने पाणी त्यांचे. पण तांब्या भरणारी माणसे निघून गेली आणि आम्ही मागे पेल्यासाठी भांडत बसलो.

तिसरे एक अमेरिकन सरकारी वकील होते, हार्मन नावाचे. रिओ ग्रान्दे नदीच्या पाण्यावरून मेक्सिकोने तक्रार केली, तेव्हा त्यांनी 1895 साली मत दिले, की आमच्या हद्दीत पाणी आहे तोवर त्याचे आम्ही काहीही करू, खालच्या देशाचे आम्ही काही लागत नाही. हे ऐकून आमच्या कांदेवाल्या शेजाऱ्यांनी मांडीवर थाप मारली. "हा माणूस कळवणचाच असणार!" पण पुढची हकीकत सांगितल्यावर ते जरा गप्प झाले. 1906 साली त्याच अमेरिकेने मेक्सिकोशी करार करून दर वर्षी ठरावीक पाणी द्यायचे कबूल केले. शेजार बदलता येत नाही हे अमेरिकेला अकरा वर्षांत कळले. आमच्याकडे जरा जास्त वेळ लागतो.

एवढा खल झाल्यावर आम्ही तिघे एका रविवारी प्रत्यक्ष धरणाच्या काठी गेलो. मेहुणे, शेजारी आणि मी. वाद तिथेही चालूच होता, फक्त चकलीच्या जागी शेंगा होत्या. मेहुणे हातवारे करून कालव्याची दिशा दाखवत होते, शेजारी डोंगराकडे बोट करत होते. जवळच एक म्हातारे गृहस्थ शेळ्या सोडून दगडावर बसले होते. आमचे बराच वेळ ऐकून ते म्हणाले, "तिथं आमची विहीर आहे."

त्यांनी बोट दाखवले तिथे नुसते पाणी होते. एक बगळा होता, तोही उडाला.

"विहीर?" मी विचारले.

"आजोबांनी खणलेली. बारा महिने पाणी असायचं तिला."

मी पेशाने कारकून असल्यामुळे क्रियापदाकडे माझे लक्ष लवकर जाते. पाणी 'असायचं', पण विहीर 'आहे'. पन्नास-पंचावन्न वर्षे तळाशी असलेल्या विहिरीला हा माणूस अजून वर्तमानकाळात ठेवून होता. मेहुण्यांनी हातातल्या शेंगा त्यांच्यापुढे केल्या आणि आपला नेहमीचा प्रश्न टाकला, "मग बाबा, तुम्हीच सांगा, हे पाणी कुणाचं?"

म्हातारबाबांनी एक शेंग घेतली. "ते तुम्ही शिकलेली माणसं ठरवा. विहीर आमची आहे." असे म्हणून ते शेळ्यांच्या मागे गेले.

परतीच्या वाटेवर कोणी फारसे बोलले नाही. तीन पक्षांच्या भांडणात चौथा पक्षकार आला होता आणि त्याने पाण्यावर दावाच सांगितला नव्हता. जस्टिनियन, लॉक आणि हार्मन या तिघांकडेही पाण्याखालच्या विहिरीची तरतूद नाही. आमच्या कायद्यातही ती उशिराच झाली. 1921 साली मुळशीला सेनापती बापटांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह मांडला, तरी प्रकल्पांमुळे उठलेल्यांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात यायला 1976 साल उजाडले. गिरणेच्या भिंतीला तेव्हा सात वर्षे होऊन गेली होती. त्याआधी होता तो 1894 चा इंग्रजी भूसंपादन कायदा. तो एकरांचे पैसे मोजायचा. पार, ओटा, शीव, शेजार आणि आजोबांनी मारलेली कुदळ यांचे एकर होत नाहीत. कागदावर त्या सगळ्या मुलखाला एकच शब्द आहे: 'बुडीत'. बँकेत बुडीत म्हणजे जे कर्ज आता वसूल होणार नाही ते. शब्द बरोबर पडला म्हणायचे. फक्त कर्ज कोणी घेतले होते आणि बुडाले कोणाचे, एवढे त्यात लिहिलेले नसते.

आता कोणी म्हणेल, मग काय धरण नको होते? असे मी म्हणत नाही. तसे म्हणायला तोंड लागते आणि माझे तोंड रोज सकाळी धुतले जाते ते कुठल्या ना कुठल्या धरणाच्याच पाण्याने. मेहुण्यांच्या केळीला पाणी हवे, मालेगावच्या नळाला हवे, नांदगावलाही हवे. पाणी पिण्यात पाप नाही. त्या म्हातारबाबांची विहीर मी बुडवली नाही आणि मेहुण्यांनीही नाही. घास घेताना छाती बडवत बसलो म्हणून ती विहीर वर येणार नाही. प्रश्न तेवढ्या 'आमचे' या शब्दाचा आहे. उसन्या आणलेल्या वाटीभर साखरेला आपण 'आमची साखर' म्हणत नाही. आणि साखर निदान एकदाच उसनी आणतो. हे पाणी दर वर्षी नव्याने येते आणि दर वर्षी त्याच विहिरीवर उभे राहते. म्हणजे देणे एकदा फिटून संपले, असेही होत नाही. ज्याच्याकडे देणे शिल्लक आहे त्याने मालकाच्या आवाजात बोलू नये, एवढे तर आपल्याला लहानपणी वाण्याच्या दुकानातच शिकवलेले असते.

आपल्या भागाला तर हे शिकायला रोमला जायचेही कारण नव्हते. मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धत चालत आली. नदीत छोटा बंधारा घालायचा, त्यातून पाट काढायचा आणि खालच्या शिवाराचे तीन-चार फड पाडायचे. एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचे आणि पाळीपाळीने पिके फिरवायची. पाणी देणारा पाटकरी सगळ्यांनी मिळून नेमलेला. शेतकऱ्याने आपल्या हाताने पाटाचे तोंड फोडायचे नाही. यातली खरी मेख अशी, की बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असे. पाऊस कमी झाला की पंच ठरवीत, यंदा एवढेच फड भिजवायचे. म्हणजे ओलितातही सगळे आणि कोरड्यातही सगळे. 'मी भिजलो, तू सुकलास' ही सोयच ठेवलेली नव्हती. ज्यांनी ही व्यवस्था बसवली त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. त्यांनी लॉक वाचला नव्हता, पण शेजारी ओळखला होता.

गिरणा धरणाचा फड पाडता येत नाही, हे मलाही कळते. साडेनऊशे मीटरची भिंत आणि दोन जिल्हे पंचांच्या चावडीत मावत नाहीत. म्हणून सरकारने 2005 साली पाण्यासाठी स्वतंत्र नियामक प्राधिकरणाचा कायदा केला आणि त्यात समन्यायी वाटप हा मोठा शब्द घातला. शब्द उच्चारायला कठीण आहे, पण अर्थ फडाचाच आहे. पाऊस कमी, तर वरच्याने आणि खालच्याने दोघांनीही थोडे थोडे कोरडे राहायचे. माझी त्यात एवढीच भर, की या हिशेबात तळाचाही माणूस धरावा. 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण महाराष्ट्रात कोणी गमतीने केलेली नाही. धरणाच्या काठची गावे टँकरची वाट पाहताना आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ज्याने विहीर दिली त्याच्या दारी पाणी आधी गेले पाहिजे. मग कळवणने, मालेगावने आणि भडगावने खुशाल टक्के मोजावेत.

धरण आणि धर्म हे दोन्ही शब्द एकाच 'धृ' धातूपासून आले आहेत. धरणे, धारण करणे. आमचे संस्कृतचे मास्तर हे सांगताना टेबलावर छडी मारीत, म्हणून ते पक्के आहे. धरून ठेवणे हे दोन्हींचे काम आणि ते स्वतःसाठी धरून ठेवायचे नसते. ती भिंत इतकी वर्षे एवढे पाणी छातीशी धरून उभी आहे, पण स्वतः कोरडी आहे. आम्ही मात्र दोन घागरी भरल्या की मालक होतो.

हे सगळे मी परवा दिवाळीला मेहुण्यांना ऐकवले. ते पटले असे म्हणाले नाहीत, मेहुणे तसे म्हणत नसतात. पण म्हणाले, "ते लॉकचं तेवढं चुकलंच हो दाजी. भरला म्हणून तांब्या आपला, हे खरं नाही. आपल्याकडे दारी आलेल्याला आधी तांब्या देतात."

मला वाटते, माझ्या सगळ्या पुस्तकांपेक्षा मेहुणे या वाक्यात पुढे गेले. उन्हाळ्यात आमच्या गावात चौकाचौकात पाणपोईचे रांजण ठेवतात. मोहरमला गल्लोगल्ली सबील लागते. तिथे पाणी-सरबत देणारा जाणाऱ्याला हद्द विचारत नाही आणि जात-गावही विचारत नाही. पाणी भरण्याचे श्रम त्याचे असतात. पण समोर तहानलेला उभा राहिला, की श्रमाचा हक्क आपोआप मागे सरतो आणि ते पाणी त्या तहानेचे होते. लॉकसाहेब थंड हवेच्या देशात राहिले, त्यांना हे कळायला अडचण होती. ते मे महिन्यात दुपारी दोन वाजता मालेगावच्या कुठल्याही दारात कोरड्या घशाने येऊन उभे राहिले असते, तर घरातून तांब्या-भांडे बाहेर आले असते. तो तांब्या भरला कोणी, नळ आला होता की टँकर, पाणी चणकापूरचे की गिरणेचे, यातले काहीही त्यांना कोणी विचारले नसते. एवढेच विचारले असते, "बरोबर गुळाचा खडा देऊ का?"